सोलापूरचा पिनकोड ४१३००१: पूर्ण संख्या म्हणून तिच्यात काय काय आहे?

जुळे_सोलापूर

२२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, शाळेत गणित दिवस असतो. यंदाच्या फलकावर एकच संख्या घ्यायची आहे: ४१३००१, आपल्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. टपाल खात्याला ही फक्त पत्त्याची खूण. आपण तिला ‘चार लाख तेरा हजार एक’ ही पूर्ण संख्या मानू.

अट एवढीच की आठवी ते दहावीच्या मुलांना प्रत्येक विधान कागदावर पडताळता आलं पाहिजे. ‘ॲपमध्ये असं दाखवतं’ हे फलकावर चालणार नाही. कुठे चुका होतात तेही सांगा, म्हणजे वर्गात आधीच सावध करता येईल.

भागाकार

ताई, आधी मूळ अवयव. ते हातात आले की बाकी बहुतेक सगळं त्यांतूनच निघतं.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+१+३+०+०+१ = ९, म्हणून ९ ने भाग जातो. २७ ने जातो का? त्यासाठी संख्येचे तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज घ्या: ४१३ + ००१ = ४१४. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे २७ आणि ३७ या दोघांची कसोटी या एकाच बेरजेवर होते. ४१४ ला २७ ने भागून बाकी ९, ३७ ने भागून बाकी ७. दोन्ही बाद.

आता तेच दोन गट वजा करा: ४१३ − १ = ४१२. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून ७, ११ आणि १३ तिघांची परीक्षा ४१२ वर. तिघांनीही भाग जात नाही. दोन-दोन अंकांचे गट घेऊन एकाआड एक चिन्ह दिलं, ०१ − ३० + ४१ = १२, तर १०१ ही बाद.

मग ९ ने भागून टाका: ४१३००१ ÷ ९ = ४५८८९. इथून पुढे लहान संख्येवरच काम करायचं, मोठी पाटी सोडून द्यायची. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या थोडं वर आहे, म्हणून २११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. अशा एकूण ४७ आहेत, त्यांतल्या बऱ्याच वर बाद झाल्या. १०३ ने बाकी ५४, १०७ ने बाकी ९३, आणि १०९ ने बाकी शून्य. भागाकार ४२१.

४१३००१ = ३² × १०९ × ४२१

४२१ मूळ आहे हेही दाखवावं लागतं. २१² = ४४१, म्हणून १९ पर्यंतच पाहायचं: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. एकानेही भाग जात नाही. १०९ साठी ७ पर्यंतच पुरे.

होटगी_रोड

एक शंका. ४५८८९ ला शंभरच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भाग जात नाही. एवढं तपासल्यावर बहुतेक मुलं ‘मूळ संख्या’ असं लिहून मोकळी होतात. त्यांना नेमकं काय सांगायचं?

भागाकार

शंभरपर्यंत तपासून फक्त १०,२०० पर्यंतच्या संख्यांची खात्री देता येते, कारण पुढची मूळ संख्या १०१ आणि तिचा वर्ग १०,२०१. ४५८८९ त्याच्या चौपटीहून मोठी आहे. थांबायची जागा संख्येचं वर्गमूळ ठरवतं, आपली दमछाक नाही. वहीच्या समासात आधी ‘√ ≈ २१४, शेवटची मूळ २११’ एवढं लिहून मगच भागायला सुरुवात करायची सवय लावा. आणि प्रत्येक भाजकासमोर बाकी लिहायला लावा, नुसती फुली नको. बाकी लिहिलेली असली की चूक शोधता येते.

सातरस्ता

यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: एकही अवयव न शोधता ४५८८९ संयुक्त आहे हे सिद्ध करता येतं. फेर्माचं लहान प्रमेय असं: प ही मूळ संख्या असेल आणि २ ने प ला भाग जात नसेल, तर २ चा (प − १) वा घात प ने भागला की बाकी १ उरते. म्हणजे २^४५८८८ ला ४५८८९ ने भागून बाकी १ आली नाही, तर ४५८८९ मूळ नाही. निकाल पक्का.

घात प्रचंड वाटतो, पण करायचे फक्त १५ वर्ग आणि ५ दुपटी. ४५८८८ द्विमान पद्धतीत लिहा: १०११००११०१००००००. डावीकडून वाचत जा, प्रत्येक पुढच्या अंकाला आधीच्या बाकीचा वर्ग करा, अंक १ असेल तर वर्गाची दुप्पटही करा, आणि लगेच ४५८८९ ने भागून बाकी ठेवा. घातांक असे चढतात:

१, २, ५, ११, २२, ४४, ८९, १७९, ३५८, ७१७, १४३४, २८६८, ५७३६, ११४७२, २२९४४, ४५८८८

मधल्या खुणा देतो, म्हणजे गाडी रुळावर आहे का ते कळेल. २^११ = २०४८. २^२२ ची बाकी १८४०५. २^४४ ची ३७३१६. २^२२९४४ ची ३६६८७. आणि शेवटी २^४५८८८ ची बाकी ११५९९. ती १ नाही. संपलं.

हमखास होणारी चूक: मुलं वर्ग करून बाकी घ्यायला विसरतात आणि पुढच्या पायरीला संख्या कॅल्क्युलेटरच्या पडद्याबाहेर जाते. दुसरी चूक तर्काची आहे. बाकी १ आली म्हणजे संख्या मूळच, असं नाही. ३४१ = ११ × ३१ असूनही पाया २ घेतला की बाकी १ येते. ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामायिक विभाजक नसलेल्या) प्रत्येक पायाला फसवते. कसोटी ‘संयुक्त’ हे खात्रीनं सांगते, ‘मूळ’ हे नाही.

विजापूर_वेस

अवयव शोधायची आपल्याकडची जुनी रीतही फलकावर हवी. नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त भागादान या प्रकरणात ती आहे: संख्येत असा वर्ग मिळवायचा की बेरीजही पूर्ण वर्ग व्हावी. मग दोन वर्गांच्या वजाबाकीतून अवयव पडतात. फ्रान्समध्ये फेर्मानं हीच युक्ती वापरली ती सतराव्या शतकात.

४५८८९ साठी २१५ पासून सुरुवात. २१५² − ४५८८९ = ३३६, वर्ग नाही. असंच पुढे गेलं तर २६५ ला यश येतं, म्हणजे ५१ संख्या तपासाव्या लागतात, भागाकारापेक्षाही जास्त. पण आधी चाळणी लावली तर चित्र बदलतं.

४५८८९ ला ८ ने, आणि १६ नेही, भागून बाकी १. त्यामुळे जिचा वर्ग करायचा ती संख्या ८ च्या पाढ्याच्या एकने पुढे किंवा एकने मागे असायलाच हवी. ५१ मधून १४ उरतात. ३ ने बाकी १ आहे, म्हणून ३ च्या पटीतल्या गळतात: १० उरतात. ५ ने बाकी ४, म्हणून ज्यांना ५ ने भागून १ किंवा ४ उरतात त्या जातात: ८. ७ ने बाकी ४, म्हणून ७ ने भागून ०, ३ किंवा ४ उरणाऱ्या जातात: ६.

२१५, २२३, २३३, २४७, २५७, २६५. या सहांच्या वर्गांतून ४५८८९ वजा केले की ३३६, ३८४०, ८४००, १५१२०, २०१६० आणि २४३३६. शेवटचा १५६ चा वर्ग.

४५८८९ = २६५² − १५६² = (२६५ − १५६)(२६५ + १५६) = १०९ × ४२१.

५१ वरून ६ वर येणं हेच खरं गणित. मुलांना चाळणी स्वतः लावू द्या, तयार यादी देऊ नका.

जुळे_सोलापूर

चाळणीचा भाग फलकाच्या मध्यभागी घेते. विभाजकांचं सांगाल का कुणी? नववीला तेवढं जमेल.

भागाकार

हे थोडक्यात. घातांक २, १, १. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार: ३ × २ × २ = १२ विभाजक. जोड्या: १ × ४१३००१, ३ × १३७६६७, ९ × ४५८८९, १०९ × ३७८९, ३२७ × १२६३, ४२१ × ९८१.

विभाजकांची बेरीज (१+३+९)(१+१०९)(१+४२१) = १३ × ११० × ४२२ = ६०३४६०. संख्या स्वतः वगळली तर १९०४५९. ही ४१३००१ पेक्षा खूप कमी, म्हणून ती न्यून संख्या. ४१३००१ पर्यंतच्या, तिच्याशी सहमूळ संख्यांची मोजणी ६ × १०८ × ४२० = २७२१६०. मुलं ३² साठी २ × २ लिहितात, तिथे ९ − ३ = ६ हवं.

विजापूर_वेस

दोन वर्गांची बेरीज! ही या संख्येची सगळ्यांत देखणी बाजू आहे, ती राहायला नको.

४ ने भागून बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. १०९ आणि ४२१ दोन्ही तशा: १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². आता ब्रह्मगुप्तांच्या नावानं ओळखली जाणारी नित्यसमानता लावा. (१० × १५ + ३ × १४) = १९२ आणि (१० × १४ − ३ × १५) = ९५. चिन्हं उलटी घेतली की १०८ आणि १८५.

४५८८९ = १९२² + ९५² = १०८² + १८५²

दोन्हीकडे ३ ने गुणून:

४१३००१ = ५७६² + २८५² = ३२४² + ५५५²

पडताळा: ३३१७७६ + ८१२२५ आणि १०४९७६ + ३०८०२५. दोन्ही ४१३००१. क्रम आणि चिन्हं सोडली तर तिसरी रीत नाही.

५७६, २८५, ३२४, ५५५ या चारही संख्या ३ च्या पटीत का? वर्गाला ३ ने भागून बाकी ० किंवा १ च येते. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या शून्यच हव्यात, म्हणजे दोन्ही संख्या ३ च्या पटीत, म्हणजे बेरजेला ९ ने भाग. म्हणून अवयवांत ३ एकटा असेल तर दोन वर्गांची बेरीज अशक्य. ४१३००४ = २² × ३ × १२७ × २७१ पाहा. तिथे शोधत बसण्यात अर्थच नाही.

सातरस्ता

आणि उलटही. दोन वर्गांच्या दोन वेगवेगळ्या बेरजा माहीत असल्या की ऑयलरच्या रीतीनं अवयव मिळतात. सम संख्या सम संख्येसमोर, विषम विषमासमोर ठेवा. १९२ − १०८ = ८४, १८५ − ९५ = ९०, मसावि ६. भागून १४ आणि १५. बेरजा: ३०० आणि २८०, मसावि २०. अर्धे करा: ३ आणि १०. झालं: (३² + १०²)(१४² + १५²) = १०९ × ४२१. भागाकार, वर्गांची वजाबाकी, वर्गांची बेरीज अशा तीन वेगळ्या वाटांनी तेच दोन अवयव येतात.

अंकयोगी

महाराष्ट्रात संख्यांबद्दल बोलायचं आणि देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नसायचे, हे बरं नाही. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी केलेलं काम जगभर वाचलं जातं.

अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती त्यांची हर्षद संख्या. ४१३००१ ची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद. पण फलकावर हे प्रामाणिकपणे लिहा की अंकांची बेरीज ९ असलेली प्रत्येक संख्या आपोआप हर्षद असते. उलटी वाचलेली १००३१४ सुद्धा. त्यामुळे हा विशेष छोटाच.

त्याहून चांगला प्रश्न: ४१३००१ ‘स्वयंभू’ आहे का? संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या तयार होते. जी अशी कुठल्याही संख्येपासून तयार होत नाही ती स्वयंभू. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, आणि इथे जनक, म्हणजे जिच्यापासून ती तयार होते ती संख्या, ९ च्या पटीतच असायला हवा (जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची ९ ने बाकी सारखीच, म्हणून दुप्पट बाकी शून्य व्हायची तर ती बाकीच शून्य). म्हणून मागे जाताना ९, १८, २७, ३६, ४५, ५४ एवढेच सहा टप्पे पाहायचे: ४१२९९२, ४१२९८३, ४१२९७४, ४१२९६५, ४१२९५६, ४१२९४७. सहांच्याही अंकांची बेरीज २७ येते, आणि २७ मागे आहे ती फक्त ४१२९७४. पडताळा: ४१२९७४ + २७ = ४१३००१. जनक सापडला, तोही एकच. म्हणून स्वयंभू नाही.

आता प्रसिद्ध वजाबाकी. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहायचं. चारही अंक सारखे नसतील तर चार अंकी संख्यांत शेवटी ६१७४ येते. सहा अंकांत तसं एकच ठिकाण नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात, आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र आहे. आपली संख्या कुठे जाते?

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

इथून चक्र: ४२०८७६ → ८५१७४२ → ७५०८४३ → ८४०८५२ → ८६०८३२ → ८६२६३२ → ६४२६५४ → परत ४२०८७६.

पहिल्याच पायरीला ००११३४ मधली दोन शून्यं सोडली तरी वजाबाकी बरोबर येते. पण पुढे एखाद्या उत्तरात अंक कमी आले तर शून्य लावून सहा अंक पूर्ण करायलाच हवेत. तिथे मुलं घसरतात. चक्राचे सात थांबे गोल मांडून फलकाच्या कोपऱ्यात छान बसतील.

होटगी_रोड

शेजारच्या पिनकोडचं काय? ४१३००१ ते ४१३००८ मध्ये एक तरी मूळ संख्या आहे का?

भागाकार

नाही. सम चार आधीच बाद, ४१३००५ ला ५ ने भाग. ४१३००३ = १९ × २१७३७. ४१३००७ = ३ × ७ × ७१ × २७७.

एक उपयोगी गोष्ट: ४१३ = ७ × ५९. म्हणून ४१३ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनकोडला ७ किंवा ५९ ने भाग जातो का, हे फक्त शेवटच्या तीन अंकांवरून कळतं. ००७ ला ७ ने भाग जातो, म्हणून ४१३००७ लाही. पंढरपूरचा ४१३३०४ घ्या: ३०४ ला ७ ने बाकी ३, ५९ ने बाकी ९. तिचे अवयव २³ × ३ × १७ × १०१३.

विजापूर_वेस

पंढरपूरच्या संख्येत ३ एकटा, म्हणून दोन वर्गांची बेरीज होत नाही. अक्कलकोटच्या ४१३२१६ ची मात्र होते: २⁵ × ३७ × ३४९, आणि ३७ व ३४९ दोन्ही ४ ने बाकी १ वाल्या. ४१३२१६ = ५००² + ४०४² = ६०४² + २२०². पाचशेचा वर्ग तोंडी, ४०४ चा वर्ग १६३२१६ तोही जवळजवळ तोंडी. मुलांना ही आधी द्या, मग सोलापूरची.

नवी_पेठ

दहा अंकी मोबाइल नंबरवर हेच करता येईल का? मुलांना स्वतःच्या नंबरची उत्सुकता असते.

सातरस्ता

येईल, पण हातानं नाही. दहा अंकी संख्येचं वर्गमूळ एक लाखाच्या आत, आणि एक लाखाच्या आत ९५९२ मूळ संख्या. संगणकाला क्षणाचं काम. फेर्माची कसोटी एक्सेलमध्ये करणार असाल तर जपून. तिथे संख्या १५ अंकांपर्यंतच नेमकी राहते. बाकीचा वर्ग १५ अंकांत बसायचा तर भाजक ३,१६,२२,७७६ च्या आत हवा. ४५८८९ ला काहीच अडचण नाही. दहा अंकी भाजकाच्या वर्गाला वीस अंक लागू शकतात, शेवटचे अंक गळतात, बाकी चुकते, आणि चुकल्याचं कुठेही दिसत नाही.

उदाहरण: २^६७ − १ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. हीच संख्या एक्सेलच्या घरात टाइप केली तर १४७५७३९५२५८९६७६०००००० होते. विषम संख्या सम झाली आणि १० ने भाग जायला लागला!

ही संख्या फलकावर घेण्यासारखी आहे. ती संयुक्त आहे हे १८७६ मध्ये ल्युकासनं एकही अवयव न सांगता सिद्ध केलं. अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मुलांना पूर्ण गुणाकार नको, नऊचा ताळा पुरे. अंकांच्या बेरजा ३७, ६४ आणि १०९. तिन्हींचा बीजांक (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलं की येणारा) १, आणि १ × १ = १. ताळा जुळला म्हणजे गुणाकार सिद्ध झाला असं नाही, पण न जुळणारा नक्की चुकीचा. आणखी एक कसोटी: अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला २ × ६७ = १३४ ने भागून बाकी १ च उरायला हवी. १९३७०७७२० = १३४ × १४४५५८०. जुळतं.

पायथॉनमध्ये पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. फक्त भागाकाराला दोन तिरप्या रेघा द्या. एकच रेघ दिली की दशांशात उत्तर येतं आणि तीच अंक गळण्याची अडचण परत येते.

संपादक

कृपया कुणाचाही खरा मोबाइल नंबर धाग्यावर टाकू नका. वर्गात करायचं असेल तर मुलांनी नंबर आपापल्या वहीतच ठेवावा.

मागावरचा

१ ÷ ४१३००१ चं दशांश रूप अजून आलं नाही. ते आवर्ती आहे, आणि आवर्तनाची लांबी अवयवांतून काढता येते.

१० चा कितवा घात भाजकानं भागून बाकी १ देतो ते पाहायचं. ९ साठी पहिलाच. १०९ साठी १०८ वा: १०^५४ ची बाकी १०८, म्हणजे −१, आणि १०^३६ ची ६३. म्हणून १०८ च्या आत १ येत नाही. ४२१ साठी १०^७ ची बाकी −१३, १०^१४ ची १६९, १०^२८ ची −६७, १०^३५ ची २९, आणि २९² = ८४१ = २ × ४२१ − १, म्हणून १०^७० ची −१ आणि १०^१४० ची १. त्याआधी येऊ शकणारे २० आणि २८ हे घात तपासले की ७५ आणि −६७ मिळतात, म्हणून १४० च.

चादरीत १०८ पिकांची (आडव्या धाग्यांची) एक नक्षी आणि १४० पिकांची दुसरी एकत्र चालवली तर दोन्ही पुन्हा एका रेषेत कधी येतात? लसावि झाल्यावर. इथंही तेच. १०८ = ४ × २७, १४० = ४ × ३५, लसावि ४ × २७ × ३५ = ३७८०. १ ÷ ४१३००१ आणि १ ÷ ४५८८९ दोन्हींचं आवर्तन ३७८० अंकांचं. १०८ × १४० = १५१२० लिहिणं ही इथली ठरलेली चूक. सामायिक ४ दोनदा मोजला जातो.

फलकासाठी १ ÷ ४५८८९ घ्या, ४१३००१ नको. कारण सांगतो. अर्ध्या आवर्तनाला, १८९० व्या घाताला, १०९ आणि ४२१ दोन्हींशी बाकी −१ येते. त्यामुळे पहिल्या अर्ध्यातला अंक आणि दुसऱ्या अर्ध्यातला त्याच जागेचा अंक यांची बेरीज दरवेळी ९. ४१३००१ मध्ये ९ चा अवयव आहे, त्याच्याशी बाकी १ च येते, −१ नाही, म्हणून तिथे ही जोडी मोडते.

जुळे_सोलापूर

मुलांना तपासायला हे फार चांगलं. ३७८० अंक कसे मांडू?

मागावरचा

एका ओळीत ९०, अशा ४२ ओळी. ए-३ कागद आडवा. अंकाला ४ मिमी धरले तर ३६० मिमी रुंदी, ओळीला ६ मिमी धरले तर २५२ मिमी उंची, समास सोडून बसतं. सगळे अंक सारख्या रुंदीचे असलेला फॉन्ट निवडा, नाहीतर उभ्या रेषा जुळत नाहीत. १ ली ओळ आणि २२ वी, २ री आणि २३ वी, अशा २१ जोड्या होतात. १ ली ओळ ००००२१७९१७१४ अशी सुरू होते, २२ वी ९९९९७८२०८२८५ अशी.

भागाकार

अंक काढताना एक काळजी घ्या. १० च्या ३७८० व्या घाताला पायथॉनमध्ये दोन रेघांनी ४५८८९ ने भागलं की उत्तर ३७७६ अंकांचं छापलं जाईल, कारण सुरुवातीची चार शून्यं पूर्णांकात दिसत नाहीत. ती डावीकडून हातानं लावा आणि मगच ९०-९० चे तुकडे करा. ती राहिली तर प्रत्येक ओळ चार घरं सरकते. २१ व्या ओळीपर्यंत जोड्या तरीही जुळताना दिसतील, पण २१ व्या आणि ४२ व्या ओळीच्या टोकाला, जिथं शून्यं गेलीत तिथं, बेरीज ९ येणार नाही. म्हणून तपासणी त्या दोन ओळींपासूनच सुरू करा.